दुसऱ्या संकेताची मात्रा: सीडी२८ प्रतिपिंडाच्या पहिल्या मानवी चाचणीचे प्रकरण

प्रकरण कशाचे

सोमवार, १३ मार्च २००६. लंडनच्या वायव्येला असलेल्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातील एका खासगी चाचणी केंद्रात सकाळी आठ वाजल्यापासून आठ निरोगी पुरुषांना शिरेतून औषध द्यायला सुरुवात झाली. सहा जणांना टीजीएन१४१२ हे नवे प्रतिपिंड, म्हणजे टी पेशींवरच्या सीडी२८ या रेणूला चिकटणारे प्रथिन, मिळाले, दोघांना औषध नसलेले द्रावण. माणसाला हे औषध दिले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. दीड तासाच्या आत सहाही जण आजारी पडले. पुढच्या १२ ते १६ तासांत सगळे अत्यवस्थ झाले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. औषधाशिवायचे द्रावण मिळालेल्या दोघांना काहीही झाले नाही.

टी पेशी, म्हणजे प्रतिकारसंस्थेच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, कशा जाग्या होतात, हे शिकवताना सहउत्तेजक संकेत बहुधा एका आकृतीत उरकला जातो. या प्रकरणात तोच संकेत औषध म्हणून वापरला गेला. तो किती, कुठे आणि कोणत्या पेशींवर काम करतो, याचे उत्तर सहा माणसांच्या शरीरात मिळाले. स्वयंसेवकांची ओळख इथे दिलेली नाही. औषध, मात्रा आणि घटनाक्रम मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी: दोन संकेत

टी पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही (संकेत झेलणारा रेणू), म्हणजे टीसीआर, दुसऱ्या पेशीने एमएचसी रेणूवर मांडलेला प्रथिनाचा तुकडा ओळखतो. हा पहिला संकेत. कोणत्या जंतूविरुद्ध लढायचे, हे याच संकेतातून ठरते. पण आपल्याच शरीरातल्या प्रथिनांचे तुकडेही एमएचसीवर सतत मांडलेले असतात आणि ते ओळखणाऱ्या काही टी पेशी थायमस या छातीतल्या ग्रंथीच्या गाळणीतून निसटतातच. पहिल्या संकेतावरच पेशी पेटली असती तर स्वतःवरचे हल्ले रोजचेच झाले असते.

म्हणून दुसरा, म्हणजे सहउत्तेजक, संकेत लागतो. टी पेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवणारी डेंड्रायटिक पेशी संसर्गाची किंवा इजेची चाहूल लागली की आपल्या पृष्ठभागावर सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू वाढवते. ते टी पेशीवरच्या सीडी२८ला जुळतात. बँकेच्या लॉकरला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागतात, तसेच हे आहे. सीडी२८कडून आलेला संकेत पेशीच्या आत पीआय३-कायनेज आणि एनएफ-कप्पा-बी या मार्गांनी जातो. त्यामुळे इंटरल्यूकिन-२ या टी पेशींना वाढवणाऱ्या प्रथिनाचा आरएनए जास्त काळ टिकतो आणि बीसीएल-एक्सएल हे पेशीला तगवणारे प्रथिन वाढते. पेशी मरत नाही, तिच्या प्रती वाढत जातात. नंतर त्याच पेशीवर सीटीएलए-४ येतो. तो त्याच सीडी८० आणि सीडी८६ला सीडी२८पेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि ब्रेक लावतो.

पहिला संकेत मिळाला आणि दुसरा मिळाला नाही, तर पेशी नुसती गप्प बसत नाही, ती सुस्तावते. पुढे दोन्ही संकेत एकत्र मिळाले तरी ती इंटरल्यूकिन-२ नीट तयार करत नाही. या अवस्थेला ॲनर्जी म्हणतात. जेन्किन्स आणि श्वार्ट्झ यांनी ती १९८७ साली दाखवली. सादरीकरण करणाऱ्या पेशी त्यांनी रसायनाने स्थिर केल्या होत्या. त्यामुळे पहिला संकेत शिल्लक राहिला आणि दुसरा गेला.

या प्रकरणासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हा नियम सगळ्यांत कडक लागू होतो तो कोऱ्या, म्हणजे अजून एकदाही न लढलेल्या, टी पेशींना. पूर्वी लढून आलेल्या स्मृतिपेशींचा उंबरठा खाली असतो. त्यांतल्या 'इफेक्टर मेमरी' पेशी ऊतींमध्ये फिरत असतात आणि इशारा मिळाल्यावर काही तासांत टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा ही दाह पेटवणारी सायटोकाइन, म्हणजे पेशींमधले निरोप नेणारी प्रथिने, ओततात. प्रौढ माणसाने आयुष्यभर असंख्य संसर्ग झेललेले असतात, त्यामुळे त्याच्याकडे अशा पेशी भरपूर असतात. प्रयोगशाळेत स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराकडे त्या फारच थोड्या असतात.

औषधामागची कल्पना

सीडी२८ला चिकटणारी नेहमीची प्रतिपिंडे पहिल्या संकेताला जोर देतात, ती एकटी काही करत नाहीत. जर्मनीतील वुर्झबर्गच्या संशोधकांना मात्र वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडे सापडली. ती सीडी२८च्या टोकाला, म्हणजे सीडी८० जिथे बसतो तिथे न चिकटता बाजूच्या एका वळशाला चिकटतात. तिथून ती शेजारशेजारच्या सीडी२८ रेणूंची जाळी बांधतात. परिणामी प्रतिजन नसतानाही टी पेशी विभाजित होऊ लागतात. त्यांना 'सुपरॲगोनिस्ट' असे नाव मिळाले.

रॅट या मोठ्या उंदरांवरचे निकाल आशादायक होते. टी पेशी वाढल्या, पण त्यांत सर्वांत जास्त वाढल्या त्या नियामक टी पेशी. या पेशी इतरांना आवर घालतात. स्वप्रतिकारामुळे होणाऱ्या आजारांच्या नमुन्यांत प्राणी सुधारले, विषाक्तता दिसली नाही. त्यावरून मानवी सीडी२८साठी टीजीएन१४१२ तयार झाले. ते आयजीजी४ प्रकारचे आहे. हा प्रकार पेशी मारण्याचे काम फारसे करत नाही, म्हणूनच तो निवडला होता. संधिवात आणि बी पेशींचा जुनाट रक्तकर्करोग हे दोन आजार लक्ष्य म्हणून समोर होते.

कल्पना चांगली होती आणि तिच्यात तथ्य होते, हे पुढच्या काही वर्षांत दिसले. प्रश्न मात्रेचा आणि कसोट्यांचा होता.

समस्या: पहिली मात्रा किती?

माणसात पहिल्यांदा औषध देताना तेव्हाची रूढ पद्धत अशी होती. प्राण्यात अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा घ्यायची, ती शरीराच्या आकारमानानुसार माणसाच्या मात्रेत बदलायची आणि सुरक्षिततेसाठी दहाने भागायचे.

सायनोमोल्गस माकडांना आठवड्यातून एकदा ५० मिलिग्रॅम प्रति किलो अशी मात्रा चार आठवडे दिली होती. त्यांना ती सोसली. माकडाकडून माणसाकडे येताना १२ भागिले ३७ या गुणकाने गुणले की १६ मिलिग्रॅम प्रति किलो मिळतात. दहाने भागले की १.६. प्रत्यक्षात आणखी खाली जाऊन ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो ही मात्रा ठरवली गेली. माकडाच्या मात्रेपेक्षा ती ५०० पट कमी होती. पुढचे टप्पे ०.५, २ आणि ५ मिलिग्रॅम प्रति किलो असे आखले होते.

कागदावर ही सावधगिरी भरपूर वाटते. पण अपाय कुठून सुरू होतो, एवढेच हे गणित विचारते. ग्राही कधी भरतो, हा प्रश्न त्यात येत नाही. तोही हिशेब साधाच आहे. ७० किलोच्या माणसाला ०.१ दराने ७ मिलिग्रॅम औषध जाते. रक्तद्रव सुमारे २.५ लिटर धरला तर प्रति लिटर २.८ मिलिग्रॅम. प्रतिपिंडाचा रेणुभार दीड लाख धरला की ही संहती सुमारे १८.७ नॅनोमोलर होते. टीजीएन१४१२ आणि सीडी२८ यांचा विघटन स्थिरांक, म्हणजे निम्मे ग्राही व्यापणारी संहती, १.८८ नॅनोमोलर. आता १८.७ला १८.७ अधिक १.८८ने भागा. उत्तर ०.९१ येते.

म्हणजे पहिल्या, सर्वांत छोट्या म्हणवल्या गेलेल्या मात्रेतच शरीरातले सुमारे ९० टक्के सीडी२८ ग्राही व्यापले जाणार होते. पुढचे टप्पे चढण्याला अर्थच उरला नव्हता, पहिल्या पायरीवरच माथा गाठला होता. ग्राही अडवणाऱ्या औषधाला हे कदाचित चालले असते. ग्राही चालू करणाऱ्या, तोही बहुतेक टी पेशींवर असलेला ग्राही चालू करणाऱ्या औषधाला अशी सुरुवात परवडत नाही.

कोणते पर्याय होते आणि कोणते निवडले गेले

पहिला निर्णय मात्रेचा. वरच्या सूत्राने १० टक्के ग्राही व्यापतील अशी संहती ०.२१ नॅनोमोलर येते. म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे ०.०८ मिलिग्रॅम, किंवा ०.००१ मिलिग्रॅम प्रति किलो. प्रत्यक्ष मात्रा याच्या शंभर पट होती. जैविक परिणाम जिथे जेमतेम सुरू होतो तिथून आरंभ करण्याचा हा मार्ग होता. पण नियमावलीत त्याची सक्ती नव्हती, आणि निवडलेली मात्रा नियमांत बसत होती.

दुसरा निर्णय प्राण्याचा. सायनोमोल्गस माकडाच्या सीडी२८चा पेशीबाहेरचा भाग माणसासारखाच आहे आणि प्रतिपिंड दोघांनाही सारखेच चिकटते. म्हणून हे माकड योग्य मानले गेले. या तर्कात एक फट होती, ती २०१० साली ब्रिटनमधल्या जैविक मानकांच्या राष्ट्रीय संस्थेतील संशोधकांनी दाखवली. माणसाच्या सीडी४ इफेक्टर मेमरी पेशींवर सीडी२८ असतो. माकडात या पेशी त्या अवस्थेला पोचेपर्यंत सीडी२८ गमावून बसतात. ग्राहीचा आकार तोच, पण तो ज्या पेशीवर असायला हवा तिच्यावरच नाही. प्राणी निवडताना अनुक्रम जुळतो का, एवढे पाहून भागत नाही. रेणू कोणत्या उपप्रकारच्या पेशीवर आहे, हे फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरचे रेणू मोजण्याच्या तंत्राने) सीडी४५आरए, सीसीआर७, सीडी९५ आणि सीडी२८ अशी चिन्हे एकत्र लावून पाहावे लागते. 

तिसरा निर्णय काचेतल्या चाचण्यांचा, आणि तांत्रिकदृष्ट्या तोच सर्वांत बोलका आहे. मानवी रक्तातल्या एककेंद्रकी पेशी (टी पेशी आणि मोनोसाइट यांसारख्या पांढऱ्या पेशी) घेऊन त्यांत टीजीएन१४१२ द्रावणरूपात मिसळले तर फारसे काही होत नाही. पेशी शांत राहतात, सायटोकाइन दिसत नाहीत. पाहणाऱ्याला औषध सौम्य वाटते. घटनेनंतर त्याच राष्ट्रीय संस्थेने प्रतिपिंड प्लास्टिकच्या खाचांत घालून, द्रव सुकवून, पृष्ठभागावर घट्ट बसवले आणि मग पेशी टाकल्या. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ वर चढले, पेशी विभाजित होऊ लागल्या. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी सोबत वाढवल्या तरीही प्रतिसाद मिळाला. प्रतिपिंड मोकळे तरंगते की कशावर तरी टेकलेले असते, यावर सगळे अवलंबून होते. सीडी२८ची जाळी बांधायला आधार लागतो.

मग शरीरात मोकळे सोडलेले प्रतिपिंड एवढे कसे भडकले? याचे समाधानकारक उत्तर २०११ साली वुर्झबर्गच्याच गटाकडून आले. रक्तातून काढलेल्या पेशी नेहमीच्या विरळ घनतेत, म्हणजे मिलिलिटरला सुमारे दहा लाख, न ठेवता त्यांनी त्या मिलिलिटरला एक कोटी अशा दाटीत दोन दिवस वाढवल्या. नंतर त्याच पेशी द्रावणातल्या प्रतिपिंडालाही जोरदार प्रतिसाद देऊ लागल्या. लसिकाग्रंथीत आणि ऊतींत टी पेशी शेजारच्या पेशींच्या एमएचसीला सतत घासत असतात. त्यातून पहिल्या संकेताची एक मंद धग कायम राहते. रक्तात वाहताना ती विझते. दाटीत ठेवल्यावर ती परत पेटते.

सुपरॲगोनिस्टला पहिला संकेत लागत नाही, अशी जी समजूत होती ती इथे बदलते. पहिला संकेत लागत होताच. तो प्रत्येक ऊतीत अल्प प्रमाणात आधीपासून मिळत होता आणि रक्ताच्या नमुन्यात तो दिसला नाही, एवढेच. प्रौढ माणसाच्या शरीरातल्या टी पेशींपैकी साधारण दोन टक्केच कोणत्याही क्षणी रक्तात असतात. उरलेल्या पेशींच्या वागण्याचा अंदाज त्या दोन टक्क्यांवरून बांधला गेला.

चौथा निर्णय वेळेचा. स्वयंसेवकांमध्ये अंतर होते दहा मिनिटांचे. प्रत्येकाला औषध तीन ते सहा मिनिटांत दिले गेले. आठ जणांच्या रांगेत पहिला आठ वाजता आणि शेवटचा नऊ वाजून दहा मिनिटांनी. पहिली लक्षणे औषधानंतर साधारण ५० ते ९० मिनिटांनी आली. म्हणजे पहिल्याचे डोके दुखायला लागले तेव्हा रांग जवळजवळ संपलेली होती. टी पेशींमधला जनुकांचा प्रतिसाद सायटोकाइन म्हणून रक्तात दिसायला तास-दोन तास लागतात, हे तेव्हाही माहीत होते. दहा मिनिटांचे अंतर ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया पकडण्यापुरते पुरेसे असते. या औषधाचा धोका त्या वेगाचा नव्हता. पहिल्या माणसानंतर एक दिवस थांबले असते, तर अतिदक्षता विभागात एक रुग्ण असता, सहा नसते.

काय घडले आणि काय केले गेले

सुरुवात तीव्र डोकेदुखीने झाली. पाठोपाठ कंबर आणि स्नायू दुखू लागले, मळमळ, उलट्या, जुलाब, थंडी वाजून ताप, अंगावर लाली, रक्तदाब घसरणे. रक्तात टीएनएफ पहिल्या तासाभरातच चढला होता. त्यामागून इंटरल्यूकिन-२, इंटरल्यूकिन-६, इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्यूकिन-१० वाढले.

अशा वेळी डॉक्टरसमोर चार शक्यता असतात. तीव्र ॲलर्जी, द्रावणात जंतूंच्या विषाची भेसळ, मात्रेची चूक, किंवा खुद्द औषधाचा परिणाम. ॲलर्जी काही मिनिटांत येते आणि एकाच वेळी सहा जणांत येत नाही. जंतुविषाने मात्र हुबेहूब असेच चित्र उभे राहते: तासाभराने थंडी, ताप, टीएनएफ, घसरता रक्तदाब. म्हणून भेसळीची शंका रास्त होती आणि ती तपासणे भागच होते. पुढे त्याच तुकडीतल्या औषधाची तपासणी झाली, त्यात भेसळ निघाली नाही. मात्राही बरोबर होती. वेगळेपणा दिसला तो रक्तपेशींत. २४ तासांत लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) आणि मोनोसाइट दोन्ही जवळजवळ नाहीसे झाले होते. टी पेशी रक्त सोडून ऊतींत शिरल्याची ही खूण होती आणि फुप्फुसांच्या क्ष-किरण चित्रातल्या पांढुरक्या छायांशी ती जुळत होती.

१२ ते १६ तासांत फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची यंत्रणा तिन्ही बिघडल्या. सहाही जणांना शेजारच्याच सार्वजनिक रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात घेतले गेले.

इथला कठीण निर्णय प्रतिकारशक्ती दाबायची की नाही, हा होता. कारण अजून अनिश्चित होते आणि लिम्फोसाइट शून्याच्या जवळ गेले होते. अशा रुग्णाला मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देणे म्हणजे संसर्ग असेल तर त्याला मोकळे रान देणे. दुसरीकडे, टी पेशीच चेतल्या असतील तर प्रत्येक तास अवयवांचे नुकसान वाढवत होता. डॉक्टरांनी दुसरी शक्यता धरली. मिथिलप्रेडनिसोलोन मोठ्या मात्रेत दिले. त्याबरोबर इंटरल्यूकिन-२चा ग्राही अडवणारे डॅक्लिझुमॅब हे प्रतिपिंड दिले. सीडी२८मुळे सुटलेले इंटरल्यूकिन-२ टी पेशींना पुन्हा स्वतःच पेटवत राहते, ते चक्र तोडणे हा त्यामागचा तर्क होता. सोबत रक्तशुद्धीकरण, रक्तदाब टिकवणारी औषधे आणि श्वासाला आधार.

टीजीएन१४१२ उलटवणारे औषध कुणाकडेच नव्हते. प्रतिपिंडाचे अर्धायुष्य दिवसांत मोजले जाते, ते रक्तातून पटकन निघून जाण्याची आशा नव्हती. त्यामुळे परिणामाची साखळी खालच्या कड्यांवर तोडणे एवढेच हातात होते, आणि ते करायला लागणारे धैर्य या डॉक्टरांनी दाखवले.

परिणाम

सहाही जण जगले. दोघांत रक्तदाब कोसळण्याची अवस्था (शॉक) आणि फुप्फुसांचा तीव्र बिघाड लांबला, त्यांना ८ आणि १६ दिवस अवयवांचा आधार लागला. एकाच्या हातापायांच्या बोटांना रक्तपुरवठा न पोचल्याने ती सडली. त्याची पायाची बोटे आणि हाताच्या बोटांचे भाग गेले. बाकीच्यांच्या प्रतिकारसंस्थेवर पुढे काय परिणाम होतील, ही चिंता त्यांच्यासोबत घरी गेली.

औषधाची चाचणी थांबवली गेली आणि प्रायोजक कंपनीने त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. ब्रिटिश सरकारने गॉर्डन डफ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. त्याच्या अहवालात २२ शिफारशी होत्या. ग्राही चालू करणाऱ्या किंवा नव्या यंत्रणेच्या औषधांची पहिली मात्रा जैविक परिणामाच्या किमान पातळीवरून ठरवावी, पहिल्या वेळी एकाच माणसाला औषध द्यावे आणि पुढच्याला देण्याआधी पुरेसा वेळ थांबावे, हे त्यांचे सार. २००७ साली युरोपीय औषध संस्थेने याच धर्तीवर मार्गदर्शिका काढली आणि २०१७ साली ती सुधारली.

काय वेगळे करता आले असते

मात्रेचा मुद्दा आता निर्विवाद आहे, पण तोही जपून वापरावा लागतो. ग्राही किती टक्के व्यापला, हा आकडा सोपा असल्याने त्याच्यावर फार विसंबले जाते. वरच्या सूत्रात एक गृहीतक दडलेले आहे: सगळे औषध रक्तद्रवात मोकळे आहे. प्रत्यक्षात मात्रा लहान असते तेव्हा औषधाचा मोठा वाटा ग्राहीच शोषून घेतात आणि आकडा फुगलेला येतो. शिवाय चालू करणाऱ्या औषधाला पूर्ण प्रतिसादासाठी सगळे ग्राही लागतीलच असे नाही. म्हणून मानवी पेशींवर मात्रा-प्रतिसादाचा आलेख काढून, प्रतिसाद जिथे जेमतेम उठतो ती संहती आधी शोधायची आणि ग्राही-व्याप्तीचा आकडा तिच्या पडताळणीला वापरायचा, हा क्रम योग्य. आलेख कोणत्या पेशींवर काढला, हेही तितकेच महत्त्वाचे. विरळ ठेवलेल्या रक्तपेशींवर काढलेल्या आलेखाने इथे पुन्हा तेच फसवे उत्तर दिले असते.

सायटोकाइनची चाचणी बसवताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. प्रतिपिंड द्रावणात आणि पृष्ठभागावर सुकवून, अशा दोन्ही रूपांत तपासावे. पेशी एका दात्याच्या न घेता अनेकांच्या घ्याव्यात, कारण स्मृतिपेशींचे प्रमाण माणसागणिक बदलते. दाटीत दोन दिवस ठेवलेल्या पेशींची जोडचाचणी असावी. आणि मोजणीत इंटरल्यूकिन-२ हवेच. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ हे मोनोसाइटही सोडतात, जंतुविषाचा अंशही ते वर नेतो. सीडी२८च्या थेट चेतनेची खूण म्हणून इंटरल्यूकिन-२ जास्त विश्वासार्ह ठरले. सोबत जंतुविषाची स्वतंत्र तपासणी न करता काढलेला 'धोकादायक' हा निष्कर्षही तितकाच फसवा असू शकतो.

निरोगी माणसांऐवजी रुग्णांवर पहिली चाचणी करावी का, यावर मतभेद आहेत. आपल्याला वाटते, बहुतेक टी पेशींना हात घालणाऱ्या औषधाचा काहीही लाभ न होणाऱ्या निरोगी माणसाला तो धोका देणे समर्थनीय नाही. मात्र रुग्ण आधीच स्टेरॉइडवर असतो, त्यामुळे लक्षणे झाकली जातात आणि पुढची मात्रा चुकीची वाढवली जाते, ही हरकतही खरी आहे. संधिवाताच्या रुग्णांत चाचणी करायची तर आधीचे औषध किती दिवस बंद ठेवायचे, हे आराखड्यात लिहिलेले हवे.

उपचाराच्या बाजूला आज हाताशी जास्त साधने आहेत. इंटरल्यूकिन-६चा ग्राही अडवणारे टोसिलिझुमॅब २००६ साली ब्रिटनमध्ये मंजूर नव्हते. २०१७ साली अमेरिकेत ते सीएआर-टी उपचारानंतरच्या (यात टी पेशींत कृत्रिम ग्राही बसवून त्या कर्करोगाविरुद्ध रुग्णाला देतात) सायटोकाइन वादळासाठी मंजूर झाले. सीएआर-टी पेशीतही हाच प्रश्न नव्या रूपात उभा असतो: कृत्रिम ग्राहीच्या आत दुसऱ्या संकेताचा भाग जोडावाच लागतो, नाहीतर पेशी फार टिकत नाहीत. तो भाग सीडी२८चा घेतला तर पेशी लवकर आणि जोरात काम करतात. ४-१बीबी या दुसऱ्या सहउत्तेजक ग्राहीचा घेतला तर त्या सावकाश वाढतात आणि जास्त काळ राहतात. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्राच्या कामातून आलेल्या, २०२३ साली भारतात मंजूर झालेल्या सीएआर-टी उपचारात ४-१बीबीचा भाग आहे. अशा उपचारानंतरच्या देखरेखीत ताप, रक्तदाब, ऑक्सिजन आणि फेरिटिन व सीआरपी ही रक्तातली दाहाची चिन्हे वारंवार पाहतात आणि टोसिलिझुमॅबची मात्रा रुग्णाला पेशी देण्याआधी वॉर्डात आणून ठेवतात.

टीजीएन१४१२चे काय झाले, हेही सांगायला हवे. तेच प्रतिपिंड नव्या नावाने रशियात पुन्हा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. या वेळी पहिली मात्रा ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो होती, २००६च्या एक हजारांश. वरच्याच सूत्राने तिची ग्राही-व्याप्ती एक टक्क्याच्या आसपास येते. मात्रा हळूहळू ७ मायक्रोग्रॅम प्रति किलोपर्यंत नेली, म्हणजे त्याच ढोबळ हिशेबाने सुमारे ४० टक्के. औषध काही मिनिटांत न देता काही तासांत, संथ गतीने दिले. टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा उसळले नाहीत. वाढले ते इंटरल्यूकिन-१०, नियामक पेशी जागृत झाल्याची खूण. रॅटमध्ये जे दिसले होते ते माणसात या मात्रांना दिसले. नियामक पेशी कमी चेतनेवर उठतात, इफेक्टर मेमरी पेशींना जास्त लागते. दोघांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात औषध आहे, आणि २००६ची पहिली मात्रा त्या पट्ट्याच्या वरच्या टोकापलीकडून सुरू झाली होती.